पेशी आपण होऊन का मरतात?

मरण म्हणजे हानी, मरण म्हणजे शेवट, अशी आपली समजूत असते. आणि माणसाच्या मरणापुरती ती खरीही आहे. परंतु ज्या सूक्ष्म पेशींचे आपले शरीर बनलेले आहे, त्यांच्यात मरणाचे दोन प्रकार आढळतात. एक बाहेरून लादलेले, आणि दुसरे आतून, ठरलेल्या क्रमाने येणारे. या दुसऱ्या मरणाला नियोजित पेशीमृत्यू म्हणतात. आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. चळवळीच्या धावपळीत वेळ काढून जे वाचले आणि ताडून पाहिले, ते जुन्नर-आंबेगावच्या श्रोत्यांपुढे शक्य तेथे इथलीच उदाहरणे घेऊन ठेवीत आहोत.

वळवाच्या वादळात हिरवे पान फाटून पडते, ते एक मरण. रानातला साग पान गाळतो, ते निराळे. गाळण्यापूर्वी झाड त्या पानातले उपयोगी द्रव्य काढून घेते, देठाशी तोडीची जागा तयार करते आणि जखम बुजवते. १९७२ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे काम केलेल्या केर, वायली व करी या तिघांनी पेशीच्या अशा शिस्तीच्या मरणाला 'ॲपॉप्टॉसिस' हे ग्रीक नाव दिले. त्याचा मूळ अर्थ पानांचे किंवा पाकळ्यांचे गळणे असाच आहे.

अशा मरणावाचून शरीर घडतच नाही. गर्भातल्या मुलाचा पंजा प्रथम वल्ह्यासारखा सलग असतो. मधल्या पेशी मरतात तेव्हा पाच बोटे सुटी होतात. बेडकाच्या पिलाची शेपटी नाहीशी होते तीही याच वाटेने. एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीच्या शरीरात घडणीच्या काळात १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या नेमक्या १३१ मरतात. त्या कोणत्या व कोणाच्या आज्ञेने मरतात, याचा छडा लावणाऱ्या ब्रेनर, हॉर्विट्झ व सल्स्टन यांना २००२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या शरीरातही रोज हजारो कोटी पेशी मरतात आणि तितक्याच नव्या जागा घेतात. आपल्याला त्याची दादही लागत नाही.

दाद का लागत नाही? आज्ञा आली की पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांतून एक प्रथिन बाहेर पडते. त्यासरशी 'कॅस्पेज' नावाची प्रथिने जागी होतात. ही पेशीतल्या कात्र्याच होत. त्या आतला सांगाडा कापतात आणि डीएनएचे तुकडे करणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला मोकळे सोडतात. पेशी आक्रसते, तिच्या लहान लहान पुड्या बांधल्या जातात, आणि शेजारच्या भक्षकपेशी त्या गिळून टाकतात. काही सांडत नाही, सूज येत नाही. भाजल्याने पेशी मरते तेव्हा मात्र ती फुगून फुटते, आतला माल बाहेर सांडतो आणि भोवती दाह होतो.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. दगडखाणीत किंवा खडी फोडण्याच्या यंत्रावर काम करणाऱ्याच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ जाते. भक्षकपेशी तो कण गिळते. पण तो पचत नाही, आतून तिलाच फाडतो. ती अव्यवस्थित मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी तो गिळते आणि तीही मरते. हे चक्र वर्षानुवर्षे चालते आणि फुप्फुस निबर होत जाते. काम सोडल्यावरही रोग का वाढतो, याचे उत्तर येथे आहे. म्हणून पाणी मारून धूळ बसवा ही कामगाराची मागणी चैनीची नव्हे. एकदा आत गेलेला कण परत काढता येत नाही.

आता विषाणूकडे वळू. विषाणूला स्वतःची यंत्रसामग्री नसते. तो पेशीत घुसतो आणि तिच्याच यंत्रांवर आपली पिले काढून घेतो. अशा वेळी पेशीजवळचा एक मोठा उपाय म्हणजे कारखानाच बंद करणे, अर्थात स्वतः मरणे. पिले तयार होण्यापूर्वी पेशी मेली की विषाणूचा डाव फसतो. पेशीला स्वतः हे साधले नाही तर रक्तातल्या मारक टी-पेशी तिला हुडकून काढतात आणि तिच्या कात्र्या बाहेरून चालू करतात.

परंतु विषाणूही कच्च्या गुरूचा चेला नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजाराचे नाव सर्वदूर आहे. टोमॅटो पोखरणारी आणि हरभऱ्याच्या घाट्यात तोंड खुपसणारी अळी एकच, घाटेअळी. तिच्यासाठी 'एचएएनपीव्ही' नावाचे जे औषध मिळते ते रसायन नव्हे. तो तिला ग्रासणारा विषाणूच होय. उन्हाने त्याची शक्ती जाते, म्हणून फवारणी संध्याकाळी करतात. विषाणू पानाबरोबर अळीच्या पोटात जातो आणि आतड्यातून सगळ्या अंगात पसरतो. काही दिवसांनी अळी खाणे सोडते, शेंड्याकडे चढते, मागच्या पायांनी उलटी लटकते आणि तिच्या अंगाचे पाणी होते.

पण हे मधले दिवस विषाणूला मिळतात कसे? पेशी आधीच का मरत नाहीत? याच कुळातल्या एका विषाणूवर १९९१ साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगाने याचा उलगडा केला. प्रयोगातल्या पेशी मक्यावरच्या त्या लष्करी अळीच्या जातीच्या होत्या, जी २०१८ साली आपल्या देशात आली. विषाणूचे 'पी-३५' नावाचे एकच जनुक निकामी होताच पेशी लवकर तुकडे होऊन मेल्या आणि विषाणूची पैदास घटली. जनुक शाबूत असलेल्या विषाणूने मात्र पेशी आपले काम पुरे होईपर्यंत जगवल्या. या जनुकापासून होणारे प्रथिन कॅस्पेजच्या कात्रीत पाचरीसारखे अडकून बसते. म्हणजे पेशीला मारण्याआधी विषाणू तिला मरू देत नाही!

यावरून असे वाटेल की पेशीचे मरण नेहमीच हिताचे. तसे नाही. नागपूरजवळच्या चांदीपुराचे नाव असलेला विषाणू १९६५ साली पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, वेगळा केला. तो वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो आणि लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतो. २००३ साली आंध्र प्रदेशात त्याच्या साथीत १८३ मुले दगावली. २०२४ साली गुजरातेत पुन्हा साथ आली. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१३ साली दाखवले की या विषाणूमुळे मज्जापेशींना मरणाची हीच आज्ञा मिळते. आतड्यातली पेशी गेली तर दुसरी येते. मेंदूतली गेली तर बहुधा येत नाही. जो उपाय इतरत्र तारतो, तोच येथे मारतो. या रोगावर खास औषध वा लस अद्याप नाही. म्हणून भिंतींच्या भेगा लिंपाव्यात, गोठा स्वच्छ ठेवावा. आणि ताप चढून मुलाला झटके येऊ लागले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. या रोगात एक-दोन दिवसांतच मूल बेशुद्धीत जाते.

उलट, आज्ञा मिळूनही मरायला नकार देणाऱ्या पेशी वाढत राहिल्या की कर्करोगाला वाट मिळते. त्यावरची पुष्कळ औषधे आणि किरणोपचार पेशीला या विसरलेल्या मरणाकडेच ढकलतात. तात्पर्य, मरण कमी की जास्त हा प्रश्न नसून ते योग्य पेशीला योग्य वेळी येते की नाही, हा आहे.

शेवटी एक इशारा. हे ऐकून कोणी म्हणेल, पाहा, समाजाच्या भल्यासाठी लहान माणसानेही असेच मुकाट्याने खपावे. हा उपदेश आम्ही निरनिराळ्या शब्दांत पुष्कळ ऐकला आहे, आणि तो चूक आहे. एका शरीरातल्या सर्व पेशी एकाच पेशीच्या लेकी; मरणारीचा वारसा उरलेल्यांत शाबूत राहतो. माणसाचे तसे नाही. खाणीत गेलेला मजूर दुसऱ्या मजुराने भरून निघत नाही. त्याच्या घराला विचारावे. पेशीने कसे मरावे हे निसर्गाने ठरवले आहे. माणसाने कसे जगावे हे मात्र आपणच ठरवायचे आहे.