उसाचे तणनाशक आणि घरचा भाजीपाला



उसाच्या कडेला, विहिरीजवळ किंवा वस्तीच्या मागे दोन-चार गुंठे भाजी नाही असा सभासद आपल्या कार्यक्षेत्रात विरळाच. वांगी, मिरची, टोमॅटो, भेंडी, दोडक्याचे दोन वेल, कडेने कोथिंबीर. घरची भाजी भागते, उरलेली बाजाराला जाते. अलीकडे खुरपणीला माणूस मिळत नाही, म्हणून उसात तणनाशक सर्रास आले. उसात गुण दिसला की राहिलेले औषध त्याच पंपाने भाजीत मारून टाकावे असा मोह होतो. मग आमच्याकडे विचारणा येते, "साहेब, भेंडीची पाने अशी काय झाली? कसला रोग म्हणायचा हा?" पुष्कळ वेळा तो रोग नसतोच. तणनाशकाने केलेला तो घात असतो. तो कसा होतो आणि कसा टाळावा, हे या लेखात सांगत आहोत.

उसाला चालते, भाजीला का नाही?

ऊस हा गवताच्या कुळातला. टू-फोर-डी (२,४-डी) हे औषध रुंद पानाच्या तणांना मारते आणि गवतवर्गीय पिकाला सांभाळून घेते, म्हणून ते उसात चालते. पण वांगी, टोमॅटो, भेंडी, काकडी, गवारी ही सगळी रुंद पानाचीच झाडे. औषधाच्या लेखी टोमॅटो आणि गाजरगवत यांत काही फरक नाही. हे औषध झाडात वाढीच्या संजीवकासारखे वागते आणि वाढ वेडीवाकडी करते. शेंडा पिळवटतो, पाने अरुंद होऊन बोटासारखी लांबतात, देठ वाकतात.

हे पाहून आपले सभासद चुरडा-मुरडा समजतात आणि कीटकनाशकाच्या दोन फवारण्या फुकट घालवतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. चुरडा-मुरडा विखुरलेल्या झाडांवर सुरू होऊन हळूहळू पसरतो. तणनाशकाची इजा एकदम दिसते, उसाकडच्या बाजूला जास्त दिसते, आणि भेंडी, टोमॅटो, वेल अशा वेगवेगळ्या भाज्यांवर एकाच वेळी दिसते.

अॅट्राझीनची तऱ्हा निराळी. ते मुळांवाटे आत जाते. पानांच्या कडा पिवळ्या पडतात, मग करपतात. ते जमिनीत काही महिने टिकते. म्हणून अॅट्राझीन मारलेल्या रानात त्याच हंगामात काकडी, घेवडा, टोमॅटो किंवा पालेभाजी करू नये.

औषध भाजीपर्यंत पोचते कसे?

भाजीवर हाताने फवारले नाही, तरी ते चार वाटांनी येते.

पहिली वाट वाऱ्याची. बारीक तुषार वाऱ्यावर दूर जातात. टू-फोर-डीचा ईस्टर प्रकार तर फवारल्यानंतरही उन्हात वाफ होऊन उडतो. जवळ भाजी असेल तर ईस्टर वापरूच नये. सोडियम किंवा अमाइन क्षार त्या मानाने कमी उडतो. फवारणी सकाळी, मंद वारा भाजीकडून उसाकडे वाहत असताना करावी. फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल वापरावे, ते जमिनीलगत धरावे आणि दाब कमी ठेवावा.

दुसरी वाट पंपाची. पंपाच्या नळीत आणि वायसरात राहिलेले थोडेसे टू-फोर-डी पुढच्या फवारणीत भाजीला पुरून उरते. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा आणि त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढावा. शेजाऱ्याने पंप मागितला तर तो कशाचा आहे हे सांगूनच द्यावा. वेगळा पंप शक्यच नसेल तर तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावा, धुण्याच्या सोड्याचे पाणी भरून रात्रभर ठेवावे आणि पुन्हा धुवावा. मग त्यातले साधे पाणी आधी दोन-तीन झाडांवर मारून काही दिवस वाट पाहावी. धुतलेले पाणी विहीर, ओढा किंवा पाटात सोडू नये.

तिसरी वाट पाटाच्या पाण्याची. उसात औषध मारल्यावर सरीतून सुटलेले पाणी भाजीच्या वाफ्यात जाऊ देऊ नये.

चौथी वाट आपल्या ताटाची. उसातून तांदुळजा, घोळ, पाथरी खुडून आणण्याची आपल्या आया-बहिणींची पूर्वापार चाल आहे. औषध मारलेल्या रानातली रानभाजी खाऊ नये आणि तिथले गवत जनावरांना घालू नये. फवारणी झाली हे घरात सर्वांना आणि शेतमजूर बायांनाही सांगावे. न सांगितल्यामुळेच हा धोका घरात येतो.

उसात भाजीचे आंतरपीक असेल तर

इथे दुहेरी पेच आहे. फ्लॉवर, कोबी, बीट असेल तर टू-फोर-डी त्यांना मारते. कांद्यात गवतासाठी क्विझॅलोफॉप वापरतात, पण ते गवतवर्गीय झाडांवर चालते, म्हणजे उसावरही. एकाला वाचवावे तर दुसरे जाते. म्हणून आंतरपीक घ्यायचे असेल तर उगवलेल्या तणावर फवारणीचा विचार सोडावा आणि खुरपणी-कोळपणीचीच तजवीज करावी.

मग भाजीत वापरायचे काय?

लेबलावर ज्या पिकाचे नाव छापले आहे, त्याच पिकात ते औषध वापरावे. दुकानदाराच्या किंवा शेजाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नये. लेबलावरचा 'फवारणी ते काढणी' हा काळ मोजून पाळावा. वांगी, भेंडी, मिरची, पालेभाजी असा मिश्र वाफा असेल, तर सगळ्यांना चालेल असे एक तणनाशक नाही. ग्लायफोसेटला आपल्याकडे चहाचे मळे आणि बिगरपिकाची जागा यांसाठीच मान्यता होती. ऑक्टोबर २०२२ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने त्याच्या वापरावर आणखी बंधने आली. भाजीच्या ओळीत ते मारणे सर्वथा चूक.

लेबलावरचे माप हेक्टरी असते आणि भाजी दोन गुंठे. घोळ होतो तो इथेच. हिशेब असा धरावा: एक हेक्टर म्हणजे सुमारे १०० गुंठे. हेक्टरी १ लिटर औषध म्हणजे गुंठ्याला १० मिलिलिटर. हेक्टरी ५०० लिटर पाणी म्हणजे गुंठ्याला ५ लिटर. दोन गुंठ्यांना पाऊण पंपसुद्धा लागत नाही. टोपणाने अंदाजे ओतू नये, मोजपात्र वापरावे.

खरे सांगायचे तर एवढ्याशा भाजीला औषधाची गरजच फारशी नाही. उसाचे पाचट आपल्याकडे भरपूर आहे. भाजीच्या दोन ओळींत चार बोटे जाड पाचट अंथरले की तण दबते, ओल टिकते, पाणी कमी लागते. हराळी आणि लव्हाळा मात्र आच्छादनाला जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी उन्हाळ्यात खोल खणून काशा आणि गाठी वेचून काढाव्यात.

माणसाचा जीव

डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. फवारताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला फडके आणि पायांत बूट असावेत. तंबाखू, बिडी, खाणे बंद. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये. काम झाल्यावर साबणाने अंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत.

औषध कधीही सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नये. पॅराक्वाटवर उतारा नाही. एक घोट पोटात गेला तरी जीव जातो. डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा कुलपात ठेवावा. रिकामा डबा भोके पाडून निकामी करावा. त्यात धान्य-तेल भरू नये. डोळ्यांत उडाले तर निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे. अंगावर सांडले तर कपडे काढून साबणाने धुवावे. पोटात गेले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ ला फोन करावा आणि डॉक्टरांना दाखवण्यासाठी डबा लेबलासह बरोबर न्यावा.

उसाला वर्ष-दीड वर्षाने पैसे मिळतात, पण भाजी रोज पोरांच्या ताटात जाते. भाजीजवळ तणनाशक नेण्याआधी एवढा विचार करावा. शंका असल्यास आपल्या गट कार्यालयात लेबल घेऊन यावे. आमचे कर्मचारी लेबल वाचून, मापाचा हिशेब करून देतील.

— ऊस विकास अधिकारी