स्पेसबार एक, अर्थ अनेक!



गॅदरिंग जवळ आलं की होस्टेलच्या एखाद्या खोलीत लॅपटॉपसमोर माईक मांडला जातोच. आपला तिवसा तालुका म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीचा, त्यामुळे एखादं खंजिरी भजन तर हवंच!

समजा, रेकॉर्डिंग ऐन रंगात आहे आणि गाणारा पाणी प्यायला थांबला. ऑपरेटर पटकन स्पेसबार दाबतो. काऊन? तर व्हीएलसी प्लेअरमध्ये स्पेस दाबलं की गाणं थांबतं आणि पुन्हा दाबलं की तिथूनच सुरू होतं. हाताला तीच सवय. पण ऑडॅसिटीमध्ये स्पेस म्हणजे 'स्टॉप'. 'पॉज'साठी 'पी' दाबावा लागतो. आता पुन्हा 'आर' दाबून रेकॉर्डिंग सुरू केलं तर? २०१७ मध्ये आलेल्या २.२.० व्हर्जनपासून नवा आवाज त्याच ट्रॅकच्या शेवटी जोडला जातो. त्याआधीच्या व्हर्जनमध्ये खाली नवा ट्रॅक उघडायचा. कर्सर सुरुवातीला असला, की ध्रुवपद आणि अंतरा एकदमच वाजणार!

असं का होतं?

कट, कॉपी, पेस्ट, अनडू यांच्या कीज बहुतेक सगळीकडे सारख्या आहेत. १९८३ च्या 'लिसा' संगणकापासून अ‍ॅपलने झेड, एक्स, सी, व्ही या कीज रूढ केल्या आणि पुढे विंडोजनेही त्या उचलल्या. प्ले, स्टॉप, रेकॉर्डचं तसं झालं नाही. त्यांची चित्रं टेपरेकॉर्डरवरून आली, म्हणून त्रिकोण आणि चौकोन सगळीकडे ओळखू येतात. पण टेपरेकॉर्डरला कीबोर्ड कुठे होता? त्यामुळे कोणती की कशासाठी, हे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवलं.

रेकॉर्डसाठी ऑडॅसिटीत 'आर', तर रीपरमध्ये 'कंट्रोल आर'. माऊसचं चाक फिरवलं की व्हीएलसीत आवाज कमी-जास्त होतो, रीपरमध्ये झूम होतं, आणि ऑडॅसिटीत ट्रॅक वर-खाली सरकतात. विनॅम्पची तर तऱ्हाच न्यारी: 'एक्स' म्हणजे प्ले, 'सी' म्हणजे पॉज आणि 'व्ही' म्हणजे स्टॉप!

थोडक्यात, दिसणं सारखं पण वागणं वेगळं. अनोळखी बटण दाबताना माणूस विचार तरी करतो. ओळखीचं बटण तो न बघताच दाबतो. म्हणून घोळ ओळखीच्या बटणानेच जास्त होतो.

मग करायचं काय?

रेकॉर्डिंगआधी एक मिनिट काढून स्टॉप, पॉज आणि रेकॉर्ड या तीन कीज तपासा. ऑडॅसिटी आणि रीपर दोन्हींत कीज बदलता येतात. आपल्या ग्रुपचा एकच की-मॅप ठरवा, त्याची फाईल पेनड्राईव्हवर ठेवा आणि ज्या पीसीवर बसाल तिथे लोड करा.

आणि प्रोजेक्टसाठी स्वतःच प्लेअर बनवणार असाल, तर स्पेसबारला नवा अर्थ देण्याची हौस आवरा. चालू रेकॉर्डिंग एका चुकीच्या कीने वाया जाणार नाही, एवढं आधी बघा. नवीन काही करायचंच असेल, तर ते आवाजात करून दाखवा!