कथा कोणती, साक्ष कोणती?

१ जुलै २०१८. आपल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने मुले पळवणारे ठरवले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. त्यांनी कोणाचे मूल पळवले होते? कोणाचेच नाही.

त्या वर्षी अफवांची लाटच होती. मोबाईलवर देशभर फिरलेली एक चित्रफीत तर मूळची कराचीची होती. मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करण्यासाठी केलेले ते नाटक होते. त्यात पळवलेले मूल शेवटी परत आणून सोडतात. आपल्याकडे हा शेवटच कापला गेला आणि नाटकाची बातमी झाली.

याउलट आमच्या वाट्याला काय येते? अ‍ॅट्रॉसिटीचा फिर्यादी पिंजऱ्यात उभा राहिला की उलटतपासणीत सवाल येतो, ही कहाणी तुला कोणी रचून दिली? कल्पित सहज खरे ठरते; आमचे खरे मात्र कल्पित ठरते.

बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या दृष्टीने वाचावे. १९२९ साली धुळे मार्गावरील एका गावाहून परतताना ते चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने घेऊन आपल्यातल्याच, टांगा हाकण्याची सवय नसलेल्या माणसाने लगाम धरला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. वाचताना ही गोष्टच वाटते. पण स्टेशनवर उशीर का झाला, हे आपल्याला मागाहून विचारल्यावर समजले, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. स्वतः अनुभवलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले त्यांनी वेगळे ठेवले. साक्षीपुराव्याचा कायदा तरी दुसरे काय सांगतो?

इथे आपल्यालाही कान धरावे लागतील. अर्ज लिहिताना आपले कार्यकर्ते कळवळ्यापोटी दोन थपडांच्या दहा करतात. कोर्टात त्या आठ खोट्या थपडा दोन खऱ्या थपडांनाही घेऊन बुडतात. आरोपी सुटतो आणि फिर्यादीला त्याच गावात परत जायचे असते.

म्हणून गोष्टीसारखे सांगा, लोक ऐकतील. पण त्यात पदरचे काही घालू नका. आणि मोबाईलवर काही आले की आधी विचारा : कोणी पाहिले? कुठे? कधी? राईनपाड्याचा जमाव या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत थांबला असता, तर पाच माणसे घरी परतली असती.