ऊन वाढलं की घड्याळ मागे पडतं, मग टॉवरची वेळ कोण सांभाळतं?

देडतलाई (जि. बुऱ्हाणपूर) : आपल्याकडे धारणी रोडला लागलं की मोबाइल कधी मध्य प्रदेशचा टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्राचा. हद्द कागदावर असते, लहरींना ती कळत नाही. म्हणून फोर-जी, फाइव्ह-जीच्या ज्या टॉवरना एकाच लहरीवर आळीपाळीने बोलायचं आणि ऐकायचं असतं, त्या सगळ्यांची वेळ एक लागते. फरक चालतो तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दीडपट, म्हणजे 1.5 मायक्रोसेकंद. त्यापुढे गेला की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या ऐकण्यात घुसतं.

ही वेळ बहुधा उपग्रहाकडून येते. ती तुटली तर काय?

भिंतीवरच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक असतो. तो साधारण 25 अंशाला नीट चालतो. मे महिन्यात खोली 45 अंशाला गेली की रोज सेकंदभर मागे पडतो. टॉवरमधला स्फटिक छोट्या भट्टीत एकाच तापमानाला जपलेला असतो, तरी तो काही तासच तग धरतो. त्यामुळे मोठ्या केंद्रांत सीझियमचं अणुघड्याळ ठेवतात.

सीझियमचा अणू दिल्लीत, देडतलाईत सारखाच. त्याच्या 9,19,26,31,770 कंपनांचा एक सेकंद, ही व्याख्या 1967 पासून आहे. पण अणूभोवतीचं यंत्र माणसानं बनवलेलं. उष्णतेनं, दमटपणानं त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स सरकतं, जवळच्या चुंबकानं कंपनांचा आकडा हलतो. म्हणून अणूंच्या नळीभोवती चुंबकरोधी कवचं असतात. 1991 मध्ये ह्युलेट-पॅकार्डनं 5071ए हे घड्याळ बाजारात आणलं. त्यातला मायक्रोप्रोसेसर असे फरक स्वतः तपासून दुरुस्त करतो. शून्य ते 55 अंशात त्याची चूक एक लाख कोटीत एक भागाच्या आत राहते. हिशोब मांडला तर दिवसाला 86 नॅनोसेकंद. म्हणजे उपग्रह बंद पडला तरी 1.5 मायक्रोसेकंदाची हद्द ओलांडायला 17 दिवस लागतील. तोवर दुरुस्ती होते.

मग एसी कशाला? कारण 55 अंशात चालणं वेगळं आणि देशाची वेळ ठरवणं वेगळं. तिथं नॅनोसेकंदाचाही हिशोब होतो. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. आता अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथून ती देशभर पोहोचवायची योजना आहे. प्रमाणवेळ सक्तीची करणाऱ्या नियमांचा मसुदा जानेवारी 2025 मध्ये आला.

ही पाच शहरं पाच हवामानांची. गुवाहाटी, भुवनेश्वर दमट, अहमदाबाद तापणारं. घड्याळ महागडं घेतलं आणि खोलीचा एसी, बॅकअपची वीज वाऱ्यावर सोडली, तर पैसा अर्धा पाण्यात. अणू बिघडत नाही हो, पण त्याला सांभाळणारी खोली बिघडू शकते. आणि तिची किंमत सीमेवरच्या आपल्या कॉललाही मोजावी लागेल.