यूसीयूसीयूसी वाचायचं कसं?

प्रथिनं बनतात वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची. त्यांचा क्रम ज्या आरएनएवर लिहिलेला असतो, त्याची अक्षरं मात्र चारच: ए, यू, जी, सी. दोन-दोन अक्षरांचे गट सोळाच होतात, वीसला पुरत नाहीत. तीन-तीनचे चौसष्ट होतात. पण कोणतं त्रिक कोणत्या आम्लाचं?

पहिलं उत्तर मे 1961 मध्ये अमेरिकेत बेथेस्डाला मिळालं. मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी जिवाणूंच्या पेशीरसात नुसत्या यू अक्षरांचा आरएनए घातला. फेनिलअ‍ॅलानिनची सलग साखळी तयार झाली.

त्यानंतरचं हरगोविंद खुरानांचं काम मला अधिक देखणं वाटतं. पंजाबातल्या, आता पाकिस्तानात असलेल्या रायपूर खेड्यातला हा पटवाऱ्याचा (आपल्याकडच्या भाषेत तलाठ्याचा) मुलगा. विस्कॉन्सिनला त्यांनी हवा तो आरएनए स्वतः घडवला. यूसीयूसीयूसी दोन-दोन अक्षरांनी वाचा किंवा चार-चारांनी, एकच गट पुन्हा पुन्हा येतो. तीन-तीनांनी वाचलं की यूसीयू आणि सीयूसी आळीपाळीने येतात. साखळीही तशीच निघाली: सेरीन, ल्युसीन, सेरीन, ल्युसीन. पाच-पाचांनी वाचूनही हेच आलं असतं, असं कुणी चिकित्सक म्हणेल. त्याच्यासाठी यूयूसीचं आवर्तन होतं. त्यातून एकेका आम्लाच्या तीन वेगळ्या साखळ्या निघाल्या, कारण वाचन कुठल्याही अक्षरापासून सुरू होऊ शकत होतं. गट तिनाचा असल्याशिवाय हे घडत नाही.

1966 पर्यंत तक्ता भरला: 61 त्रिकं आम्लांची, तीन थांबण्याची. 1968 चं नोबेल निरेनबर्ग, खुराना आणि रॉबर्ट हॉली यांना मिळालं.

हा तक्ता जिवाणूपासून माणसापर्यंत जवळजवळ एकच आहे. मायटोकॉन्ड्रियासारखे अपवाद थोडे. म्हणून तर माणसाच्या इन्सुलिनचा मजकूर जिवाणूला वाचता येतो. 1982 पासून असं इन्सुलिन औषध म्हणून वापरात आहे. त्याआधी ते डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढावं लागे.

बहुतेक आम्लांना एकाहून अधिक त्रिकं आहेत, याचा अर्थ गडचिरोली-नंदुरबारच्या सिकलसेल रुग्णांच्या रक्तात दिसतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या एका जागी जीएजीचं जीएए झालं असतं, तर काहीच बिघडलं नसतं. दोन्ही ग्लुटामिक आम्लाचीच. तिथे मधलं अक्षर बदलून जीयूजी झालं आहे. त्याने येतं व्हॅलिन, आणि ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात.