खाणीतला बिल्ला आणि हवेचा पहारेकरी

चंद्रपूर, वणी, सावनेर, उमरेड या पट्ट्यातल्या आपल्या कितीतरी घरांची चूल कोळशाच्या खाणीवर पेटते. रात्रपाळीला गेलेला माणूस सकाळी दारात येईपर्यंत घरच्या माउलीचा जीव थाऱ्यावर नसतो. म्हणून या आठवड्याच्या कुटुंब-पानावर आम्ही एका यंत्रणेची ओळख करून देत आहोत. विषय थोडा तांत्रिक आहे, पण घरातल्या मोठ्या मुलाने किंवा मुलीने तो सर्वांना वाचून दाखवावा.

जमिनीखालच्या खाणीत दोन वायूंची मुख्य भीती असते. पहिला मिथेन. हा कोळशाच्या थरातून सुटतो, हवेपेक्षा हलका म्हणून छताशी साचतो आणि हवेत ५ ते १५ टक्के झाला की एका ठिणगीने स्फोट होतो. दुसरा कार्बन मोनॉक्साईड. त्याला रंग नाही, वास नाही. कोळसा आत धुमसू लागला की तो तयार होतो आणि माणसाला कळायच्या आत त्याची शुद्ध हरपते. २५ जानेवारी १९९४ रोजी राणीगंज पट्ट्यातील न्यू केंदा खाणीत आग लागली, त्यात ५५ कामगारांचे प्राण गेले.

पूर्वी वायू ओळखायला डेव्हीचा दिवा असे. मिथेन असला की त्याच्या ज्योतीवर निळसर टोपी दिसे. इंग्लंडात पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी आत नेत. पक्षी कोसळला की माणसांनी बाहेर पळायचे! आणि खाली कोण उतरले आहे हे कळायला कामगाराचा नंबर कोरलेला बिल्ला. बिल्ला परत आला नाही तर माणूस आत आहे एवढे समजे. आत कुठे, ते मात्र समजत नसे.

आता नवी यंत्रणा पाहू. टोलनाक्यावर गाडीच्या काचेवर फास्टॅग असतो, तो सर्वांनी पाहिलेला आहे. गाडी जवळ आली की नाक्यावरचे यंत्र रेडिओ लहरींनी त्यातला नंबर वाचते. यालाच आरएफआयडी म्हणतात. तसाच टॅग कामगाराच्या टोपीच्या दिव्यात किंवा पट्ट्यावर बसवतात. फास्टॅगला बॅटरी लागत नाही, पण खाणीतल्या टॅगला लहानशी बॅटरी देतात म्हणजे तो लांबून वाचता येतो.

दुसरा भाग म्हणजे हवेचे पहारेकरी. गॅलरीगॅलरीत लहान पेट्या टांगतात. त्या मिथेन, कार्बन मोनॉक्साईड आणि तापमान मोजतात. खडकातून रेडिओ लहर फार दूर जात नाही, म्हणून पाणवठ्यावरून बायका हातोहात घागर पुढे देतात तशी एक पेटी दुसरीला बातमी देते आणि ती वर नियंत्रण कक्षात पोचते. मधली एक पेटी बंद पडली तर बातमी दुसऱ्या वाटेने जाते.

खरी गोम या दोन्हींच्या जोडणीत आहे. नुसता टॅग सांगतो, ‘अमुक कामगार तिसऱ्या गॅलरीत आहे.’ नुसती पेटी सांगते, ‘तिसऱ्या गॅलरीत वायू वाढला.’ दोन्ही एकाच पडद्यावर आली तरच वर बसलेल्या माणसाला कळते की आत्ता, या क्षणी, कोणाला बाहेर काढायचे आहे. स्फोट झालाच तर बचाव पथकाला कुठे जायचे तेही ठाऊक असते.

हे नसले की काय होते, ते २ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेतल्या सॅगो खाणीत दिसले. स्फोटानंतर १३ जण आत अडकले. त्यांनी पडदे लावून आडोसा केला आणि वाट पाहिली. ते नेमके कुठे आहेत हे वर कोणालाच माहीत नव्हते. पथक पोचेपर्यंत चाळीस तास उलटले होते. एकच जण जिवंत सापडला. त्याच वर्षी जूनमध्ये तिथे कायदा झाला आणि बिनतारी संपर्क व कामगारांचा माग ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडे धनबादच्या केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेनेही टॅग आणि बिनतारी पेट्या जोडून अशी यंत्रणा तयार केली आहे. म्हणजे विद्या परदेशातच आहे, ही सबब चालणार नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. टॅग मालकाला हजेरीसाठी फार आवडतो. कोण उशिरा आला, कोण कुठे बसला, हे त्याला घरबसल्या कळते. हवेच्या पेट्यांवर खर्च करताना मात्र हात आखडतो. पूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये स्वतः धनबादच्या खाणी पाहायला गेले. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. ते हजेरीपट तपासायला गेले नव्हते.

तेव्हा युनियनच्या सभेत बांधवांनी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. टॅग कायम कामगारांइतकाच कंत्राटी कामगारालाही मिळतो का? रात्रपाळीला पडद्यासमोर माणूस असतो का, आणि वायू वाढल्यावर बाहेर काढण्याचा हुकूम देण्याचा अधिकार त्याला आहे का? पेट्या ठिणगी न उडणाऱ्या, खाणीसाठी मंजूर झालेल्या आहेत का? वायू मोजणारा भाग काही महिन्यांनी चुकीचे आकडे दाखवू लागतो, म्हणून तो ठरावीक मुदतीत तपासून घ्यावा लागतो. त्या तपासणीची नोंद ठेवलेली असते. शेवटची तारीख कोणती, ते नोंदवही उघडून बघावे.