सांबाराच्या जुड्या

पहाटे ३.००
उमरेडजवळच्या एका गावात मावशी दिवा लावतात. संध्याकाळी वावरातून उपटलेला सांबार ओल्या पोत्याखाली असतो. नागपुरात कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. पिवळं पान काढायचं, मुळांची माती झटकायची, मूठभर जुडीला सुतळीचा वेढा द्यायचा. अशा १२० जुड्या, वर मेथी. यात दोन तास जातात.

चार वर्षांपूर्वी हे काम घरी नव्हतंच. ते गाडीत व्हायचं.

५.३०
एसटी. डिसेंबर २०२३ची थंडी. बायकांना मार्चपासून अर्धं तिकीट आहे, म्हणून ४० रुपये. दोन टोपल्यांचं लगेज ३५. टोपल्या मागच्या सीटजवळ एकावर एक. खालच्या टोपलीतला सांबार दबतो, त्याला इलाज नाही.

७.१५
गणेशपेठ बसस्थानकावर मी त्यांना गाठते. चुंभळ डोक्यावर, त्यावर टोपली. दुसरी उचलून द्यायला माणूस लागतो. आज मी होते. ओली टोपली एवढी जड असते हे हातात घेतल्यावरच कळलं. बाहेर दुसऱ्या एका बाईबरोबर ऑटो केला. १०० रुपये, वाट्याला ५०.

८.००
गोकुळपेठ बाजार. धरमपेठेची भाजी इथूनच जाते. ताडपत्री अंथरून मावशी खालची टोपली आधी उघडतात. मोडलेल्या काड्या खुडायच्या, जुडी पुन्हा बांधायची, पाणी शिंपडायचं. सुतळी दातांत धरून त्या बोलतात.

"गाडीत हात मोकळे राहत होते न ताई. डब्यात खाली फतकल मारून बसाचं. इतवारी येईपर्यंत समदा माल बांधून तयार."

ती छोटी लाइन. १९०८ साली बंगाल-नागपूर रेल्वेनं सुरू केलेली, इतवारी ते नागभीड, शंभरावर किलोमीटर. वाटेत कुही, उमरेड, मिरचीचं भिवापूर. दोन रुळांमध्ये अंतर फक्त अडीच फूट. गाडी हळू चालायची, म्हणून लोक हसायचे. मावशींना तोच हळूपणा कामाचा होता. दहा-बारा जणी गोल करून बसत. कोणी मेथी निवडे, कोणी वालाच्या शेंगा वेगळ्या करी. एकीची सुतळी संपली तर दुसरी देई. तिकीट एसटीच्या मानानं किरकोळ.

नोव्हेंबर २०१९मध्ये ब्रॉडगेजसाठी ती बंद झाली. मोठे रूळ यायलाच हवेत, मावशीही तेच म्हणतात. पण मधल्या वर्षांचे पहाटेचे दोन तास त्यांच्या झोपेतून गेले, ते कोणाच्या हिशेबात दिसत नाहीत.

दुपारी १२.३०
गिऱ्हाईक तुटलं. भाकर, झुणका, हिरवी मिरची. चहा १० रुपये, बसण्याची पावती २०. मी मोतीबागच्या संग्रहालयाचं सांगते. २००२ पासून तिथं छोट्या लाइनची इंजिनं जपून ठेवली आहेत. मावशी ऐकून घेतात. त्यांच्या बोलण्यात इंजिन येत नाही. येते ती डब्याची फरशी, आणि भावकीतल्या पोरीचं लग्न याच डब्यात कसं जुळलं ते.

संध्याकाळी ४.४५
सकाळी ५ रुपयांची जुडी आता १० ला ३. थंडीत सांबार सगळ्यांच्याच वावरात असतो. धरमपेठेतली एक बाई चौथी जुडी मागते. मावशी देतात. उरलेलं घरी न्यायचं भाडं कोण देणार?

५.४५
कनवटीची पिशवी उघडली. ७८० रुपये. येताना १२५, पावती आणि चहा ३०, परतीचा शेअर ऑटो २०, एसटी ४०. उरले ५६५. बियाणं, पाणी, मुलाची वावरातली मेहनत अजून यातूनच जायची आहे.

६.३०
गणेशपेठ. टोपल्या एकात एक घालून मावशी खिडकीशी बसतात. तिकिटाला कंडक्टर आला, टोपल्यांकडे पाहिलं.

"रिकाम्या हायेत," मावशी म्हणाल्या.

रिकाम्या टोपल्यांचं त्यानं काही घेतलं नाही. मावशींनी त्या मांडीवर घेतल्या, आतून सुतळीचा गुंडा काढला आणि बस निघेपर्यंत उद्यासाठी वीत-वीत तुकडे तोडत बसल्या.